कुटलेल्या पत्र्यांची फक्की

माझी धाकटी बहीण इंग्लंडमध्ये एका दवाखान्याच्या इमारतींची देखभाल बघते. छपरं, नळ, दिवे, सगळं तिच्या गळ्यात. गावाची आठवण आली की ती मला व्हिडिओ कॉल करते आणि समोर असेल ते दाखव म्हणते, मग रस्त्यावरच्या शेळ्या का असेनात. त्या दुपारी मी शाळेत होते. पोखर्णीच्या पुढच्या एका गावात मुख्याध्यापिका म्हणून मी याच वर्षी बदलून आले आहे. दुसऱ्या दिवशी मुलींच्या कबड्डीचे सामने होते, म्हणून मोठ्या कौतुकानं मी तिला मैदान दाखवलं.

पोरी सराव करत होत्या आणि आमचे क्रीडाशिक्षक कडेला उकिडवे बसून मैदान आखायची फक्की कुटत होते. बाजारातली पांढरी फक्की आमच्यापर्यंत वेळेवर कधी पोचतच नाही, पण सरांचं त्यावाचून अडत नाही. शाळेमागं जुन्या छपराच्या फुटक्या सिमेंटच्या पत्र्यांचा ढीग पडलेला आहे. त्यातले तुकडे दगडावर ठेवून पहारीनं ठेचले की पांढुरकी पूड तयार. काळ्या मातीवर तिची रेघ अशी काही उठून दिसते की पंचांशी भांडायला कुणाला जागाच राहत नाही. मला हा जुगाड फार आवडला होता. बहिणीनं पाहावं म्हणून मी फोन अगदी जवळ नेला.

"अक्का, ते काय कुटायलेत?" तिनं विचारलं.

"जुने पत्रे."

"बाजूला हो. पोरींना बाजूला कर. आत्ताच्या आत्ता."

मला हसू आलं. ही लहानपणापासून भित्री, पाल दिसली तरी घर डोक्यावर घ्यायची. पण फोनमध्ये तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ती ओरडत नव्हती, त्याचीच मला भीती वाटली. ती म्हणाली, त्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक धागे. पत्रा फोडला की ते हवेत सुटतात, श्वासातून छातीत जातात आणि तिथंच रुतून बसतात. आज काही कळत नाही. कित्येक वर्षांनी कळतं, तेव्हा करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं.

"आमच्याकडं कायदा आहे," ती म्हणाली. "शाळा, दवाखाना, दुकान, कचेरी, इमारत ज्याच्या ताब्यात, त्याची जबाबदारी. हे कुठं कुठं आहे ते त्यानं शोधायचं. धड आहे का फुटलंय ते बघत राहायचं. भिंतीला खिळा मारायला माणूस आला तर त्यालाही आधी सांगायचं. आणि तुमी ते कुटून पोरींच्या पायाखाली टाकायलात?"

मी फोन बंद केला. सरांच्या हातातली पहार अक्षरशः ओढून घेतली, पोरींना वर्गात घातलं आणि शिपायाला त्या पुडीवर पाणी मारायला लावलं. सगळे माझ्याकडं बघत राहिले. बाईंना ऊन लागलं, असंच त्यांना वाटलं असणार.

मग मी तालुक्याच्या कचेरीत फोन लावला. तिथले साहेब फार सभ्यपणे बोलले. "मॅडम, ते पत्रे फेकू नका हं. सरकारी मालमत्ता आहे. निर्लेखन होऊन, म्हणजे दप्तरातून नाव कमी होऊन, लिलाव होईपर्यंत तुकडा न् तुकडा सांभाळणं मुख्याध्यापकाची जबाबदारी." मी विचारलं, आणि त्याची धूळ? साहेबांना प्रश्नच कळला नाही. भंगाराची काळजी घ्यायचा नियम त्यांना तोंडपाठ होता. त्या धुळीत तोंडावर पडून, एका दमात कबड्डी कबड्डी घुमवणाऱ्या पोरींसाठी मला कुणी एक ओळसुद्धा दाखवली नव्हती. इतका संताप मला कधी आला नव्हता, आणि तो नेमका कुणावर काढावा हेही कळत नव्हतं.

संध्याकाळी मी सरांना बोलावून सगळं सांगितलं. आधी त्यांना पटेना.

"मॅडम, अर्ध्या गावावर हेच पत्रे हायेत. माझ्या गोठ्यावर बी हायेत."

"छपरावर धड आहेत तोवर राहू द्या. फोडू नका, कुटू नका, घासू नका."

सर हळूच म्हणाले, "आन चाळली तर?"

"म्हणजे?"

"खडा पोरींच्या गुडघ्याला लागू नये म्हणून आमी फक्की चाळून घेतो. माझी पोरगीच घरी नेऊन चाळती. लय बारीक चाळती."

त्यांची पोरगी आमच्या संघातली सगळ्यात चपळ चढाईवाली. मी विचारलं, "कशानं चाळते?" आणि त्यांनी उत्तर द्यायच्या आधीच मला ते कळलं. सर उठले. मीही त्यांच्या मागं निघाले.

घरी त्यांची बायको चुलीपुढं परातीत पीठ चाळत होती. सरांनी एकदम "थांब" म्हटल्यावर ती दचकली. मी जमेल तेवढं समजावून सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि मग माझीच समजूत घातली.

"तुमी नका काळजी करू, मॅडम. मी काय चाळणी तशीच घेते का पिठाला? पोरीनं फक्की चाळली की आदी हितंच चुलीपाशी चांगली झटकते, धुरळा पार उडून जाईस्तोवर. मगच धुते."

दारात पोरगी उभी होती, ती माझ्याकडं आणि बापाकडं आळीपाळीनं बघत होती. सरांनी बायकोच्या हातातून चाळणी काढून घेतली आणि ते घरभर फिरले, मग अंगणात गेले, मग पुन्हा आत आले. ती कुठं ठेवावी हे त्यांना सुचत नव्हतं, आणि मलाही सांगता येत नव्हतं.