चार कडांचा डाग

गॅरेजमध्ये त्यांना सगळे छतमावशी म्हणत. नाव चेष्टेत पडले होते. पुढे चेष्टा विरली आणि नाव तेवढे राहिले. गाडीच्या सीटा, पायाखालचे गालिचे, दारांच्या आतल्या बाजू कोणीही साफ करी. छताच्या आतल्या कापडाला मात्र मावशींखेरीज कोणी हात लावत नसे. ज्यांनी पूर्वी लावला होता, त्यांच्या हातात ते कापड सुटून आले होते.

शुक्रवारी सकाळी जी सून आपल्या सासऱ्यांची गाडी घेऊन तिथे आली, तिला यातले काहीच ठाऊक नव्हते. रविवारी सासरे परतणार आणि तोवर हा डाग गेला पाहिजे, एवढेच तिच्या डोक्यात होते.

सासरे गणिताचे निवृत्त शिक्षक. बारा वर्षांत त्यांच्या गाडीच्या चालकाच्या सीटवर दुसरे कोणी बसले नव्हते. लेकीकडे तीन आठवडे राहायला निघताना त्यांनी चावी मुलाला डावलून सुनेच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "ही विसरत नाही." नवरा त्यावर आठवडाभर कुरकुरत होता: "मला त्यांनी सायकलसुद्धा दोनदा तपासून दिली होती. तू म्हणजे लाडकी!" सून हसण्यावारी नेई. पण त्या तीन शब्दांनी तिला जे मिळाले होते, ते अकरा वर्षांच्या संसारात कोणी दिले नव्हते.

आणि नेमकी ती विसरली. कार्यालयाच्या इमारतीखाली गाडी उभी करताना छतावरची सरकती काच अर्धी उघडी राहिली, आणि त्याच दुपारी वरच्या मजल्यांच्या काचा धुण्याचे काम निघाले. संध्याकाळी चालकाच्या सीटच्या वर, छताच्या कापडावर ताटाएवढा पिवळट डाग उमटला होता. तेव्हापासून रोज फोनवर सासरे विचारीत, "गाडी कशी आहे?" आणि ती म्हणे, "छान आहे, बाबा." पहिल्या दिवशी ते खोटे घशात अडकले. चौथ्या दिवशी अडकले नाही. डागापेक्षा तिला आता याचीच धास्ती वाटू लागली होती.

मावशी पन्नाशी ओलांडलेल्या, काटक बांध्याच्या. त्यांनी पुढच्या दोन्ही सीटा मागे पाडल्या, एकीवर उताण्या झोपल्या आणि टॉर्च कापडाला जवळजवळ टेकवून आडवा धरला.

"किती वेळा पुसलंत, ताई?"

"एकदाच. ओल्या फडक्यानं."

"डॉक्टरपुढे आणि माझ्यापुढे खोटं बोलू नये. या, अशा आडव्या व्हा. लाजू नका, इथं भलेभले आडवे झालेत."

सून शेजारच्या सीटवर झोपली. त्या आडव्या प्रकाशात तिला तो एकसंध डाग दिसेना. नकाशावरच्या किनाऱ्यांसारख्या, एकमेकींवरून गेलेल्या वेड्यावाकड्या कडा दिसू लागल्या.

"ही बाहेरची, पसरट, ही वरून पडलेल्या पाण्याची," मावशी बोट न टेकवता दाखवू लागल्या. "पाणी घाण आणतं असं वाटतं ना? तसं नसतं. कापडात वर्षानुवर्षं बसलेली धूळ ते उचलतं, ढकलत कडेला नेतं, आणि तिथं टाकून आपण उडून जातं. ही आतली कड तुमच्या फडक्याची. मग घाबरून साबण लावलात. भांड्यांचा?"

"कपड्यांचा," सून पुटपुटली.

"तरीच असं पापुद्र्यासारखं ताठलंय. ही तिसरी. आणि मग परत एकदा..."

"नाही. नंतर हातच लावला नाही. खरंच."

मावशींनी टॉर्च सरकवला. काचेच्या चौकटीलगत एक अरुंद, तपकिरी कड होती. "मग ही चौथी कोणाची?"

सून मान उचलून त्या कडेकडे पाहू लागली.

"ही सगळ्यांच्या खालची. तुमच्या साबणाची कड हिच्यावरून गेलीय. कापडामागचा इथला स्पंज दाबून बघा, उठतच नाही. दोन-तीन वर्षांपूर्वीचं आहे. आणि कोणीतरी चोळलंय. तंतू कुठं झुकलेत बघा. ड्रायव्हरच्या सीटवर बसून, हात वर करून, आपल्याकडे ओढत. गुपचूप."

"गुपचूप कशावरून?"

"उघडपणे साफ करणारा माणूस दार उघडून बाहेर उभा राहतो, नीट वाकून बघतो. गुपचूप करणारा जागचा उठत नाही."

आकड्यांवरून निष्कर्ष काढणे हा सुनेचा रोजचा व्यवसाय होता. त्यासाठी तिच्याजवळ दोन पदव्या होत्या. इथे एक बाई उताणी झोपून हातभर कापडावर एका कुटुंबाची तीन वर्षे वाचत होती, आणि तिचे वाचन कुठेही चुकत नव्हते. आणि त्या सीटवर बारा वर्षांत बसलेला माणूस एकच होता.

"हे कुठं शिकलात?" तिने विचारले.

"बावीस वर्षं लाँड्रीत डाग काढायच्या टेबलावर होते. लाँड्री बंद पडली, इथं आले. पहिल्याच गाडीचं छत माझ्या तोंडावर पडलं. पाणी जास्त झालं की आतला गोंद सुटतो, ते कुठं माहीत होतं? तशीच पडून राहिले. वाटलं, आता उठून तोंड दाखवण्यापेक्षा हेच पांघरूण बरं." मावशी स्वतःशीच हसल्या. "मग भंगारातून एक छत घरी नेलं, स्वयंपाकघरात वर टांगलं. चार महिने रोज त्यावर चहा फेकायचा आणि काढायचा. सासूबाई म्हणायच्या, सून चहा करते कमी आणि उडवते जास्त."

चार महिने. कोणी परीक्षा घेणार नव्हते, कोणी प्रमाणपत्र देणार नव्हते. ज्ञानाची इतकी खडतर साधना विद्यापीठातही सुनेच्या पाहण्यात क्वचितच आली होती.

"आता एक ऐका आणि मग ठरवा," मावशी म्हणाल्या. "तुमचा डाग काढला आणि जुना ठेवला, असं मला करता येत नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं छत एकसारखं ओलं करावं लागतं. मधे जिथं थांबेन तिथं पाचवी कड. आणि एकदा केलं की कोणती कड कोणाची होती, हे मलाही सांगता यायचं नाही."

सुनेने फोन बाहेर काढला. टॉर्च तसाच आडवा होता, चौथी कड स्वच्छ दिसत होती.

"काढा फोटो," मावशी शांतपणे म्हणाल्या. "पुष्कळ जण काढतात. भांडणात उपयोगी पडतो."

फोन काही क्षण छताकडे रोखलेला राहिला. हा एक फोटो जवळ असला की सासऱ्यांसमोर मान खाली घालण्याची पाळी पुन्हा कधी येणार नव्हती. त्यांनी कधी काही म्हटलेच, तर उत्तर खिशात तयार असणार होते. आपल्याला विश्वास हवा होता आणि आपण हत्यार गोळा करतो आहोत, हे तिला लख्ख दिसले. तिने फोन खाली घेतला आणि झोपल्या जागेवरूनच नंबर लावला.

"बाबा, मी चार दिवस खोटं बोलतेय. वरची काच माझ्याकडून उघडी राहिली. छताला डाग पडला. पुसायला गेले आणि वाढवून ठेवला. आता गॅरेजात एका मावशींकडे आणलीय."

पलीकडून सासऱ्यांनी एवढेच विचारले:

"कुठल्या बाजूला?"

"तुमच्या सीटच्या वर."

मग सासरे एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "तिथं काचेजवळ एक तांबूस कड असेल. ती तुझी नाही." आणि थोड्या वेळाने, "निघते का, विचार त्यांना. मला निघाली नव्हती."

"निघेल म्हणावं," मावशींनी छताकडे पाहतच सांगितले. "पण मधे कोणी हाक मारायची नाही."

त्यांनी वाडग्यात साबण घुसळला आणि खालचे पाणी तसेच ठेवून वरचा फेस तेवढा मऊ ब्रशवर उचलला. समोरच्या काचेपासून त्या निघाल्या. एक ओळ, तिला लागून दुसरी, हाताचा दाब तोच, वेग तोच. डाग आला तेव्हा ब्रश तिथे ना रेंगाळला, ना घाईने पुढे गेला. जितका फेस निष्कलंक कापडाला, तितकाच त्याला. पाऊण तास हात डोक्याच्या वर होता. गॅरेजवाला एकदा काही विचारायला आला आणि मावशींकडे पाहून आल्या पावली परतला. सुनेने आपला श्वासही त्या ब्रशच्या लयीत पडू लागलेला ऐकला.

मग कोरडी पांढरी फडकी आली. ती टेकवायची आणि उचलायची, चोळायची नाहीत. ती तपकिरी होत गेली. सगळे छत एका छटेने गडद झाले आणि चारही कडा त्या ओलाव्यात बुडाल्या.

"आता?"

"आता वाळू द्यायचं. कड असेल तर वाळताना वर येईल. आपल्या हातात काही नाही."

चारही दारे उघडी टाकून त्या दोघी तीन तास पायरीवर बसल्या. सुनेने कार्यालयात रजा कळवली. गडद रंग पुढून मागे हळूहळू उतरत गेला, कुठेही न अडखळता. शेवटी ती आत शिरली, सीटवर आडवी झाली आणि तिने स्वतः टॉर्च धरला. काचेजवळ, जिथला स्पंज मेला होता, तिथे बोटांच्या मागच्या बाजूला एक हलका खोलगटपणा जाणवला. रंग मात्र सगळीकडे एकच होता.

"ताई, गाडी काढायची ना?" बाहेरून गॅरेजवाल्याने विचारले.

"थांबा जरा," ती म्हणाली, आणि वर पाहत राहिली.