उखर्डूचा नवा फोटो

झुंबरबाईला सगळ्यांचाच संशय यायचा. हसून बोलणाऱ्याचा यायचा, आणि न बोलता जाणाऱ्याचा त्याहून जास्त यायचा. शेजारणीने "जेवल्या का अक्का?" असं विचारलं, तरी ही मनात म्हणणार, हिला वाटीभर तेल हवंय, नाहीतर आमच्या तव्यावर काय आहे ते बघायचंय. म्हशीची धार काढताना ती मध्ये गोणपाट टांगायची. कुणी आल्याची चाहूल लागली की दह्याचं गाडगं आधी झाकलं जायचं आणि मग "या, बसा" निघायचं.

पण उगाच कुणी असं होत नाही. तिची दोन पोरं लहानपणीच गेली होती. थोरलं पाळण्यातच गेलं. दुसरं मात्र चांगलं धावायला लागलेलं, गोरंगोमटं. धुळ्याला एकवीरा देवीच्या जत्रेत फोटोवाल्याकडे रंगवलेलं विमान होतं. हौसेने तिने पोराला त्यात बसवून फोटो काढला, आणि त्याच पावसाळ्यात पोर तापाने गेलं. डॉक्टरांनी काय सांगितलं ते नवऱ्याला कळलं. झुंबरबाईला कळलं ते एवढंच, की फोटोतल्या पोराकडे ज्याने त्याने डोळे भरून बघितलं होतं.

तिसरा झाला तेव्हा सुइणीने त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवला, सुपात उचलून आणला आणि पसाभर ज्वारीला आईला विकला. नाव ठेवलं उखर्डू. टाकून दिलेल्या पोराला कोण कशाला नजर लावेल? आणि घरात कायदा झाला, याचा फोटो काढायचा नाही.

तरी एकदा निघालाच. आयटीआयच्या फॉर्मला लागतो म्हणून उखर्डूने धुळ्याला परस्पर काढून घेतला. कळलं तेव्हा झुंबरबाईने मीठ-मोहऱ्या-मिरच्या चुलीत टाकून गल्लीला ठसका लावला. तेव्हा पोराला मिसरूडही नव्हतं. पुढे तो जळगावला डाळमिलमध्ये फिटर झाला, अंगाने भरला, मिशा आल्या, कपाळावरचे केस मागे सरकले. फोटो तेवढा एकुलता एक, कोवळा.

लग्नाचं बघायला लागले, ते त्या फोटोवर. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी सालची ही गोष्ट. झुंबरबाईचा मावसभाऊ तोताराम नाना मध्यस्थी करायचा. फोटो पाकिटात, पाकीट बंडीच्या खिशात, आणि नाना एसटीत. पोरीवाल्यांना फोटो आवडायचा. मग पाहुणे घरी यायचे, आणि तिथे गाडी अडायची.

शिरपूरकडचे पाहुणे आले, तेव्हा उखर्डू समोर बसला होता, नवा शर्ट घालून. पोरीच्या मामाने चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि विचारलं, "फोटोमाना पोऱ्या कोठे शे?"

"हाऊच तो," नाना म्हणाला.

मामाने फोटो बघितला, उखर्डूला बघितलं, पुन्हा फोटो बघितला. "आमले काय येडा समजतस का नाना? धाकला दखाडतस आनि मोठला माथे मारतस!"

धाकटा कुठून आणणार? उखर्डूच्या पाठीवर कुणी नव्हतंच. नानाने शपथा घेतल्या. पण ज्या माणसाला शपथ घ्यावी लागते त्याच्यावर कोण विश्वास ठेवतो? पाहुणे पोहे तसेच ठेवून उठले.

नाना भडकला. "अक्का, आते नवा फोटो काढना पडी. हाऊ फोटो लोकेस्ले खोटा वाटस."

"काढू ना. मी कुठे नाही म्हनते?" झुंबरबाई म्हणाली.

पण कधी? आषाढात शुभ काम करत नाहीत. श्रावणात घरात कानबाई देवी बसते, तेव्हा घर सोडून कुठे जायचं? पितृपक्षात तर फोटो हा शब्दही नको. दिवाळीला उखर्डू घरी आला तो गुबगुबीत होऊन, चेहऱ्यावर तेज. इतकं तेज असताना फोटो? छे! जरा उतरू दे. पुढे तो तापाने उतरला, तर आता आजाऱ्याचा फोटो कोण काढतं? मग पौष आला. नाना म्हणाला, "अक्का, तुनं पंचांग आनि सरकारी हपीस सारखंच शे."

तिला नानाचाही संशय होताच. हा फोटोसाठी इतका मागे का लागलाय? स्टुडिओवाल्याशी याचं काही आहे का?

उखर्डू मात्र गप्प असायचा. एकदा रविवारी आला आणि भाकरी मोडता मोडता म्हणाला, "माय, संगतीच्या सगळास्ना लगीन झायात. आता त्या माले जेवायला बलावतस, तं त्यास्नी बायका वाढतस." एवढंच. झुंबरबाईच्या हातातलं कालथं तव्यावरच राहिलं आणि भाकरी करपली.

त्या महिन्यात धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या स्टुडिओत नवा फोटो निघाला. झुंबरबाई सोबत गेली. फोटोवाला पडद्याआड दिवे लावत होता, तेवढ्यात तिने कनवटीची डबी काढली आणि सत्तावीस वर्षांच्या फिटरच्या गालावर काजळाचं बोट टेकवलं. थोडंथोडकं नाही, चांगलं चिंचोक्याएवढं. उखर्डूने ते लावू दिलं. आईने फोटो काढू दिला हेच पुष्कळ होतं. फोटोवाल्याने बघितलं, पण गिऱ्हाइकाचा गाल गिऱ्हाइकाचा.

फोटो साक्रीकडच्या एका गावात गेला. मुलीचं नाव बेबी, सातवी पास, आणि तिला सांभाळलेलं आजी भिकुबाईने. फोटो घरात फिरला. मिशा पसंत पडल्या, कपाळ चालवून घेतलं. पण गालावरचं ते काळं काय? कुणी म्हणे लाख आहे, जन्माची. कुणी म्हणे मिलमध्ये भाजलं असेल. एका काकाने तर सांगितलं, आधीच्या सासरच्यांनी दिलेला डाग असेल, ते लग्न लपवत असतील. बेबीने फोटो उलटा करून ठेवला.

भिकुबाईही झुंबरबाईसारखीच, दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणारी नव्हे. न कळवता ती एका रविवारी नानाला घेऊन दारात हजर. उखर्डू ओट्यावर सायकलचं पंक्चर काढत होता. म्हातारीने त्याची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं, अंगठा थुंकीने ओला केला आणि गालावर फिरवला. गाल स्वच्छ.

"डाग कोठे गया?" ती म्हणाली. मग नानाकडे वळून, "फोटोमाना पोऱ्या कोठे शे?"

नानाने कपाळावर हात मारला. जुना फोटो खोटा ठरला होता, आता नवाही खोटा ठरला.

झुंबरबाई दारात उभी होती. म्हातारी चालली, हे स्थळ गेलं की पोर पुन्हा भाकरी मोडत गप्प बसणार, हे तिला समोर दिसलं. जन्मात तिने कुणाला काही उलगडून सांगितलं नव्हतं. सांगितलं की लोकांच्या हातात दोरी जाते, असं तिचं मत होतं. पण त्या दिवशी ती खाली बसली आणि विमानातल्या फोटोपासून सांगितलं. शेवटी म्हणाली, "ते काजय शे. मीच लावेल शे."

भिकुबाई तिच्याशेजारी टेकली. "आनि मनं नाव भिकुबाई का शे? मन्या आधी तीन पोरी गयात. मायने पाच घरं भीक मागी आनि माले जगाडं." मग म्हणाली, "माले समजनं, बहीन. पन मनी नातले काय सांगू? तिले तोंड दखनं शे, बोट नही."

चहा झाला. म्हातारीने आधी झुंबरबाईला घोट घ्यायला लावला आणि मग आपण घेतला. संशय तो संशय.

दुसऱ्याच बाजाराला झुंबरबाई पोराला घेऊन पुन्हा आग्रा रोडवर. या वेळी डबी घरी. उखर्डू खुर्चीवर बसला. फोटोवाल्याने मान सरळ केली, दिवा लावला, बटणाला हात घातला, आणि झुंबरबाई म्हणाली, "थांब."

ती पुढे गेली. तिच्या अंगावर लग्नातलं लुगडं होतं, नाकात नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. एवढी कशासाठी नटली, हे वाटेत उखर्डूने विचारलंही होतं. तिने दुसरी खुर्ची ओढली, पोराच्या शेजारी, जरा पुढेच, आणि बसली.

"बाई, मुलाचा एकट्याचा पाहिजे ना? लग्नासाठी?" फोटोवाला म्हणाला.

"काढ तू. ज्याला बघायचं त्याने आधी मला बघावं. पडायची ती नजर माझ्यावर पडू दे."

असा तो फोटो साक्रीकडे गेला, मायलेकाचा. आठवडाभर निरोप नाही. झुंबरबाईला नानाचा संशय, एसटीचा संशय, मधल्या सगळ्या गावांचा संशय. शेवटी नाना आला, ओट्यावर टेकला आणि हसायलाच लागला.

"पोरीले पोऱ्या पसंत शे. पन ती इचारस, सासू जलमभर आशी मधमाच बठाव शे का?"

झुंबरबाईने त्याच्याकडे बघितलं. पोर तोंडाची तिखट दिसते, हे तिने मनात टिपून ठेवलं. मग आत जाऊन नानासाठी दह्याचं गाडगं घेऊन आली, आणि त्याच्यासमोर ठेवत म्हणाली, "तिले सांग, लगीन लागेपर्यंत मी बठसू. मंग तू बठ."