उजव्या हाताच्या बांगड्या

नीराबाईला कचेरीत नेलं ते मी, या केसरनं. कोळीवाड्यातली माणसं अजून मला बोल लावतात. लावू देत! तिची पोरं उपाशी होती तेव्हा या बोलणाऱ्यांनी काय दिलं, ते विचारा.

गोवा सुटला त्या सालची गोष्ट. नीरा माझी शेजारीण, भिंतीला भिंत. तिचा नवरा हरेश्वर वादळात होडीसकट गेला. फळकुटं किनाऱ्याला लागली, माणूस काही लागला नाही. मागं सात वर्षांची नलू आणि अंगावर पिणारा सदा. नीरा दुसऱ्यांची मासळी सुकवायची, पण तेवढ्यावर रोज चूल पेटेना. नलूचे तर नुसते गुडघेच दिसायचे.

तेवढ्यात कळलं, बुडालेल्या कोळ्यांच्या पोरांना सरकार दर महिन्याला मदत देतं. बायकोनं अलिबागला जाऊन साहेबापुढं सांगायचं, नवरा मेला म्हणून. मी धावतच तिला सांगायला गेले, तर बाई ऐकेचना.

"केसरवयनी, तो दर्याच्या ताब्यात हाय. मेला कसा म्हणू?"

आता हे आमच्यातलं आहे, तुम्हाला सांगायला हवं. लग्नात आम्ही उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देतो. जन्मभर तो हात ओका. दर्यानं त्या घेतल्या म्हणजे आमचा माणूस सांभाळणं त्याच्याकडे लागलं. डाव्या हातातल्या तेवढ्या राहतात, आणि प्रेत समोर आल्याशिवाय त्या फोडत नाहीत.

आणखी एक होतं. रोज सकाळी तिच्या अंगणात ओली पावलं दिसायची. पुळणीकडून यायची आणि उंबऱ्यापाशी संपायची. परत जाणारी नसायचीच. मी स्वतः अंगण सारवून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच. नलू मात्र खुशाल सांगायची, "बाबा आल्ता. माझ्या केसांतनं हात फिरवला." पोरीच्या डोक्याला हात लावला, तर केस ओले आणि चिकट, खाऱ्या पाण्यात बुडवल्यासारखे. देवा रे!

मग नीराचं दूध आटलं. सदानं रडायचंही सोडलं. त्या दिवशी माझं डोकंच फिरलं.

"गेलेल्याला धरून बसलीस आणि जित्याला मारतेस व्हय गो?"

तिनं उठून लुगडं नीट केलं. सदाला नलूच्या मांडीवर देऊन आम्ही एस.टी. धरली.

कचेरीत कारकुनानं तिच्या हाताकडं पाहिलं. "नवरा मेला म्हणता, आणि हातात हिरव्या बांगड्या?"

नीरानं माझ्याकडं पाहिलं. मग डावा हात दाराच्या चौकटीवर आपटला. काचा माझ्या पायापर्यंत उडाल्या.

"मेला," ती म्हणाली. "माझा हरेश्वर मेला."

कारकुनानं मान खाली घालून अंगठा घेतला.

उन्हं कलताना परतलो. नलू उंबऱ्यावर बसली होती. तिच्यापुढं बांगड्या मांडलेल्या. हिरव्या, ओल्या, शिंपल्यांची पुटं चढलेल्या. नीराच्या लग्नातल्याच, त्या भरताना मी शेजारी बसले होते.

"कुणी दिल्या गो?" मी विचारलं.

"बाबा आल्ता. दर्यानं परत केल्या म्हणाला. आता येणार न्हाय."

नीरा त्या उचलून धावत सुटली. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन तिनं त्या लांब फेकल्या. लाट आली आणि बांगड्या तिच्यापाशी ठेवून गेली. तिनं परत फेकल्या. परत आल्या. काळोख पडेपर्यंत ती फेकत होती. मी बखोटं धरून ओढून आणली.

पैसे सुरू झाले. सदानं बाळसं धरलं. अंगणात पावलं पुन्हा उमटली नाहीत, आणि नलूचे केस कोरडे राहिले. मी चुकले असं मला कुणी सांगू नये.

पण त्या पैशांचा पहिला भात नीरानं वाढला तेव्हा मी तिथंच होते. नलूनं ताट बाजूला सारलं.

"आई, मला भूक न्हाय. तू परत जा ना तिथं. सांग त्यांना, बाबा जिता हाय."

नीरानं घास कालवला आणि तिच्या तोंडाशी धरला. तिचे दोन्ही हात ओके होते.