गाढवाची पाळी

मोहालीतल्या आमच्या मराठी सायकल ग्रुपचा एक नियम होता. रविवारच्या चढावर जो शेवटी पोचेल, त्याने पुढच्या राइडला सगळ्यांचं सामान वाहायचं. त्याला गाढव म्हणायचं. खेळीमेळीत हं! ज्याच्यावर ओझं नसतं, त्याला सगळंच खेळीमेळीत वाटतं.

गाढव बहुतेक वेळा एकच असायचा. चंदीगडच्या सेक्टर ३९ मधल्या संशोधन संस्थेत पीएचडी करणारा, लातूरकडचा. फेलोशिपमधून साठवून त्याने जुनी कार्बन रोडबाइक घेतली होती, आणि दिवाळीच्या सुट्टीत तिच्यावरून एकट्यानं शिमल्याला जायचं हे त्याचं पक्कं ठरलं होतं. असल्या सायकलला कॅरिअर लावायला भोकंच नसतात. म्हणून त्याने सीटखाली पट्ट्यांनी बांधायची मऊ, लांबट पिशवी आणली. जड वस्तू पुढे, कपडे मागे, म्हणजे पिशवीचं शेपूट हलत नाही. मोरनीच्या डोंगरातली राइड ही त्याची शिमल्याची तालीम होती.

त्या सकाळी कॅप्टन लोखंडी कॅरिअर घेऊनच आले. कॅप्टन म्हणजे पुण्याचे, आयटीत मॅनेजर, ग्रुप त्यांचाच. कॅरिअरचा क्लॅम्प ते त्याच्या सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर, आवळायला लागले.

"सर, आवळू नका ओ. कार्बन हाय ते, आवळलं की चिरतंय."

"हाय का?" कॅप्टननी त्याची नक्कल केली. सगळे फिदीफिदी हसले. "डॉक्टर, कार्बनची विमानं बनतात. तुमच्या बुडाखाली काय मोडणारे?"

मी म्हणाले, "त्याची पिशवी आहे ना? तीच लावू द्या."

"पत्रकवाली, भाषण चहानंतर."

पत्रकवाली म्हणजे मी. गाडीवाले सायकलवाल्याला किडा समजतात, हे पत्रक मीच लिहिलं होतं. सेक्टर ३४ मधल्या क्लासेसबाहेर याच मंडळींनी ते माझ्याबरोबर वाटलं होतं, छाती फुगवून.

जाकिटं, चपला, पॉवर बँका, थर्मास, सगळं त्या कॅरिअरवर चढलं. तो चढत राहिला. चढाच्या मध्यावर कट्कन आवाज झाला आणि तो सीटसकट मागे कलंडला. कोपर सोलवटलं. दांडा क्लॅम्पपाशीच तुटला होता आणि चीर खाली फ्रेममध्ये उतरली होती. सामान रस्त्यावर पसरलं. त्यात फुटपाथची एक अख्खी वीट होती.

वीट. वाटेतल्या चहाच्या टपरीवर कुणीतरी सामानात सरकवलेली. आणि एकजण आधीपासूनच मोबाइल धरून शूटिंग करत होता.

"यार, डॉक्टरचा चेहरा बघ!"

डॉक्टरने वीट उचलली. मला वाटलं, आता फेकतो. फेकायलाच हवी होती. त्याने ती गाड्यांच्या वाटेतून बाजूला, कडेला ठेवली. मग मोडकी सायकल खांद्यावर घेतली आणि उतार चालायला लागला. मी माझी सायकल ढकलत त्याच्याबरोबर खालपर्यंत गेले. तो एवढंच बोलला, "हलकी आहे, नाही का?"

फ्रेम दुरुस्त होणार नाही, असं दुकानात सांगितलं. शिमला संपलं. ग्रुपवर त्या व्हिडिओखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग होती. तो ग्रुपमधून बाहेर पडला. "स्पोर्टिंग नाही," कॅप्टननी लिहिलं.

पुढच्या रविवारी मी गेले, ते भांडायलाच. माझं भांडण सुरू व्हायच्या आत कॅप्टन तेच कॅरिअर घेऊन माझ्याकडे आले. गाढव गेल्यावर शेवटून नंबर माझा होता.

"कार्बनला काही होत नाही गं."

"मग तुमच्या सायकलला लावा."

"वेडी आहेस का? माझा सीटपोस्ट कार्बनचा आहे!"

हे बोलून झाल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. या वेळी कुणी हसलं नाही. एकेकानं आपापलं जाकीट आपापल्या कमरेला बांधलं आणि सगळे निघाले. कॅरिअर तिथेच रस्त्यावर पडलं होतं.