त्या खोलीचे वेगळे

आमच्याकडे घरकामाचा भाव कामावर ठरतो. झाडू-फरशी हे एक काम, भांडी दुसरं, कपडे तिसरं. देवळाली प्रवरेसारख्या गावात एका कामाचे सातशे-आठशे रुपये, घर मोठं असेल तर हजार. आमचं घर चार खोल्यांचं, शहाबादी फरशीचं. आई गेल्यानंतर मी नवी बाई शोधायला लागले, तेव्हा पहिली आली तिने घर फिरून पाहिलं, मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबली आणि आत न डोकावता म्हणाली, "हितपर्यंतचे आठशे. त्या खोलीचे येगळे पाचशे."

तीन खोल्यांचे आठशे आणि दहा बाय दहाच्या एका खोलीचे पाचशे, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मी म्हटलं, "का, तिथे सोन्याची फरशी बसवलीय का?"

"तुमाला म्हाईत हाय की," ती म्हणाली.

माहीत होतं. त्या खोलीत आई गेली होती, आणि तिथल्या पिठाची गोष्ट सगळ्या आळीत झाली होती.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे अर्धा गाव तिला 'बाई' म्हणायचा. शेवटच्या दोन वर्षांत तिचे गुडघे गेले आणि दम लागायला लागला. मी लग्न केलं नाही, तिच्याजवळच राहिले. एका पतसंस्थेत नोकरी करते. सकाळी दहाला निघायचं, साडेपाचला परत. भाऊ पुण्यात. तो दर रविवारी फोनवरून उंटावरून शेळ्या हाकायचा. "ताई, आईजवळ दिवसभराची बाई ठेव." पैशाचं विचारलं की त्याला दुसरा फोन यायचा.

आमच्याकडे चौदा वर्षं एकच बाई झाडू-फरशी करत होती. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. तीच एकदा म्हणाली, "ताई, मी बसते की बाईंपाशी दिवसभर. तीन हजार वाढवून द्या."

मी फटकन म्हणाले, "बसायचे तीन हजार? मी सात तास खुर्चीवर बसते, मला विचार किती मिळतात."

ती हसली आणि बादली उचलून गेली. आई हसली नाही, ते मी पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

पुढे एके दिवशी ऑफिसात सर्व्हर बंद पडला आणि मी दुपारी एकलाच घरी आले. पुढचं दार नुसतं लोटलेलं. मागच्या खोलीत पंखा पाचवर. आई कॉटवर बसलेली आणि खाली फरशीवर आमची बाई पदर तोंडावर घेऊन गाढ झोपलेली. झाडू दाराशी उभा. मला बघून आईने ओठांवर बोट ठेवलं.

माझं डोकं फिरलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि ही आमच्या पंख्याखाली ऐसपैस. मी मोठ्याने म्हणाले, "आम्ही कामाचे पैसे देतो, झोपायचे नाही. काम झालं की घरी जायचं." ती दचकून उठली, केस बांधले आणि चप्पल हातात घेऊनच बाहेर गेली. मग मी आईकडे वळले. "पेन्शनमधून देतेस ना तिला? किती देतेस?"

"काही नाही गं," आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

मी ते खोटं धरलं. आई कुणाच्याही बोलण्यात यायची, त्यामुळे ही बाई तिला गोड बोलून लुटतेय याची माझी खात्रीच होती. दुसऱ्या दिवसापासून ती अकराच्या ठोक्याला जायला लागली.

त्यानंतर तीन आठवडेही झाले नसतील. साडेपाचला घरी आले तर पंखा चालू होता आणि आई कॉटवर कलंडलेली होती. एक पाय वर, दुसरा खाली चपलेत. डॉक्टर म्हणाले, दोनच्या सुमाराला गेल्या असतील. ती पाणी घ्यायला उठत होती, की दार उघडायला, की कुणाला हाक मारत होती, हे मला कधीच कळणार नाही. त्या एका चपलेचा विचार मी रोज करते.

अंत्यविधी झाला त्या संध्याकाळी नेवाशाहून आलेल्या मावशीने कॉट हलवायला लावली. आमच्याकडे रीत आहे, माणूस जिथे गेलं तिथे जमिनीवर पीठ पसरायचं, जवळ दिवा लावायचा आणि पिठावर टोपली पालथी घालायची. मग सगळ्यांच्या देखत ती उचलायची. पिठावर चिमणीचं पाऊल उमटलं, गाईचा खूर उमटला, तर त्या जन्माला माणूस गेलं म्हणायचं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी मी त्या टोपलीकडे पाहून मनात म्हणत होते, काहीतरी उमटू दे. ती कुठेतरी पोचली एवढं तरी कळू दे.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुरुषमंडळी सावडायला नदीवर गेली. ती आल्यावर टोपली उचलायची होती. आम्ही बायका स्वयंपाकघरात होतो. तेवढ्यात आमची बाई नेहमीच्या वेळेला आली, नेहमीसारखी आधी आईच्या खोलीत गेली, आणि मावशी बघायला गेली तोवर टोपली कोपऱ्यात उभी होती आणि पीठ सुपलीत भरलेलं होतं.

मावशी मटकन खालीच बसली. "अगं काय केलंस? आता माझ्या ताईचा जीव इथेच घुटमळणार गं." बाई झाडू धरून उभी राहिली. सगळे म्हणाले, चौदा वर्षांची सवय, हात चालला. मी म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

पाचशे जास्त मागणारीला मी वाटेला लावलं. तिच्यानंतर आलेली चार दिवस टिकली. त्या खोलीत आपल्यामागे कुणीतरी श्वास टाकतं, म्हणाली. तिसरीने फोनच उचलला नाही. मग मीच झाडायला लागले. त्या खोलीतल्या फरशीच्या सांधींतून पीठ निघतच राहायचं. पुसलं की गेलं वाटायचं, आठ दिवसांनी पुन्हा पांढरी रेघ. मुंग्या तर हटेनात. भिंतीपासून निघून आईची कॉट होती त्या जागेपर्यंत त्यांची रांग यायची आणि तिथेच फिरत राहायची. मी कॉट परत जागेवर आणून ठेवली. तेव्हापासून रविवारी दुपारी दोनच्या सुमाराला कॉट करकरायची, कुणी उठून बसावं तशी. मी बाहेरच्या खोलीतून विचारायचे, "कोण आहे?" मग मला घरात बसवेना. रविवारची दुपार मी बाजारात, देवळात, कुठेही काढायचे. मला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती.

शेवटी एका रविवारी आमच्या जुन्या बाईच्याच घरी गेले. कालव्याच्या कडेला तिची पत्र्याची एक खोली. दुपार होती. आत पाऊल टाकलं आणि भट्टीत शिरल्यासारखं झालं. तिने पाणी दिलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला एरवी सवय नाही, पण त्या दिवशी मी बाया कशा मिळत नाहीत, मिळाल्या तर किती मागतात, हेच बराच वेळ बोलत राहिले. ती ऐकत होती. मग मी विचारलं, "पिठावर काय होतं?"

"म्हाईत न्हाई."

"तूच तर झाडलंस."

"डोळं मिटून झाडलं, ताई."

"का?"

ती पदराने मान पुसत म्हणाली, "कायबी उमटलं असतं, न्हाईतर काईच उमटलं नसतं, तरी बाई एकट्या गेल्या म्हनून समद्यांनी तुमच्याकडंच बघितलं असतं. आन मी बघितलं असतं, तर तुमी कवातरी इचारलं असतं. मला खोटं बोलता येत न्हाई."

मी ग्लास खाली ठेवला. म्हणाले, "परत ये. दिवसभर थांब. तीन हजार म्हणाली होतीस, पाच घे."

"आता दिवसभर कुनापाशी बसू?" ती म्हणाली. मग माझा ग्लास उचलत, "झाडू-फरशीचे काय असतील ते द्या. त्या खोलीचे नको."

"का नको? त्या खोलीत बसायचे पैसे आई तुला देत होतीच ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणतेय ते तिला खरोखर कळलं नव्हतं. "बाई? न्हाई ओ. हितं दुपारी पत्रा तापतो. तितं पंखा हुता. बाईंना दुपारचं एकटीला भ्या वाटायचं. त्यात पैशे कशाचे?"

तिने पुन्हा पाणी दिलं.

आता ती येते. सकाळी आल्या आल्या आधी मागची खोली झाडते, सांधीतलं पीठ काडीने काढते. अकरा वाजले की हात धुऊन निघते. एका रविवारी मी म्हणाले, थांब थोडी, ऊन उतरू दे, पंखा लावते. ती म्हणाली, "नको. काम झालं की घरी." त्यात टोमणा नव्हता. मीच सांगितलेलं ती पाळते आहे.

रविवारी दुपारी मी आता कुठे जात नाही. मागच्या खोलीत पंखा पाचवर करते आणि आमची बाई झोपायची तिथेच, खाली फरशीवर आडवी होते. दोनच्या सुमाराला वर कॉट करकरते. मी कोण आहे विचारत नाही. पदर तोंडावर घेते आणि झोपल्यासारखी पडून राहते.