सहा, आठ, सहा, आठ

रेवा, ओम, गेल्या आठवड्यात सौदीतल्या यान्बूच्या जुन्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परफेक्ट सर गेल्याची बातमी आली. ‘देवमाणूस’, ‘असा शिक्षक पुन्हा होणे नाही’ असे निरोप दिवसभर येत होते. मला तसं लिहवलं नाही. तुमच्या आईला त्यांनी शिकवलं होतं, म्हणून ते कसे होते हे निदान तुम्हाला सांगते.

हा माणूस तब्येतीची चौकशी करायच्या आधी घराचा नंबर विचारायचा. मूळचे नाशिकचे, तिथे रिफायनरीत इंजिनिअर. कंपनी मोठं घर देत असताना त्यांनी हट्टाने अठ्ठावीस नंबरचं लहान घर घेतलं. कारण अठ्ठावीसला भाग जाणारे एक, दोन, चार, सात आणि चौदा मिळवले की पुन्हा अठ्ठावीसच होतात. अशी संख्या परिपूर्ण, इंग्रजीत परफेक्ट; म्हणून ते परफेक्ट सर. आमचं घर शेजारचं, सत्तावीस. ‘‘एक, तीन, नऊ. झाले तेरा! वहिनी, तुमचं घर निम्म्यालासुद्धा पोहोचत नाही हो,’’ असं त्यांनी पहिल्याच भेटीत, माझाच चहा पिता पिता सुनावलं.

दिवाळीला मी नेलेले लाडू ते ताटात चार बाय चार मांडत आणि उरलेला सतरावा तोंडात टाकत. ‘‘सोळा हा पूर्ण वर्ग. हा आगाऊ होता.’’ सगळे हसत. मला तो विनोद एकदाही आवडला नाही.

शिकवत मात्र छान. सात खजूर एका ओळीतच मांडता येतात, बाराचे आयत होतात. मूळ संख्या म्हणजे काय हे कंपाउंडमधल्या मुलांना खजूर खाता खाता समजलं. पैसे घेत नसत. त्यामुळे त्यांना उलटून बोलायची कोणाची टाप नव्हती.

जेद्दाच्या गणित स्पर्धेसाठी मुलं तेच निवडत. तुमची आई तेव्हा बारा वर्षांची. त्या संघात जायचं, याशिवाय तिला दुसरं काही सुचत नव्हतं. एका शुक्रवारी सरांनी पहिल्या चार परिपूर्ण संख्या फळ्यावर लिहिल्या: ६, २८, ४९६, ८१२८. म्हणाले, ‘‘शेवट बघा. सहा, आठ, सहा, आठ. पुढेही हेच.’’

‘‘कशावरून?’’ तुमच्या आईने विचारलं.

‘‘चार रीडिंग सारखी आली की आम्ही प्लांट चालू करतो, बाई!’’

तिने तुमच्या आजोबांकडून पुढच्या संख्या काढायची रीत समजून घेतली आणि सुट्टीभर भागाकार, गुणाकार केले. पाचवी आली ३३५५०३३६. सहावी आली ८५८९८६९०५६. दोन्हींच्या शेवटी सहाच! ती उड्या मारत कागद घेऊन गेली. सरांनी तो पाहिला, घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, ‘‘यल्ला, पुढचा प्रश्न.’’ संघाची नावं वाचली, त्यात ती नव्हती.

मी तडक त्यांच्या दारात गेले. ‘‘तिचं चुकलं का?’’

‘‘चुकलं असं कुठे म्हणतोय मी? पण वहिनी, तिथे पटकन बझर दाबायचा असतो. शंका काढणारी पोर काय कामाची?’’

‘‘सर, तुम्हाला संघाची नाही, स्वतःची काळजी आहे,’’ एवढं बोलून मी परत फिरले. बस जेद्दाला गेली त्या दिवशी तिने गणिताची पुस्तकं पलंगाखाली ढकलली.

पुढच्या वर्षी सर कायमचे भारतात निघाले. निरोपाच्या जेवणात सगळ्या मुलांना उभं करून त्यांनी विचारलं, ‘‘परिपूर्ण संख्यांचा शेवट?’’ मुलं एका सुरात ओरडली, ‘‘सहा, आठ, सहा, आठ!’’ मुलं थांबल्यावर तुमच्या आईचा एकटीचा आवाज आला, ‘‘सहा, सहा.’’ सरांनी ताटातून मान वर केली नाही. घरी येऊन तिने पुस्तकं बाहेर ओढली.

त्यांनी चूक कबूल केली नाही, मीही त्यांना माफ केलेलं नाही. तुमची आई आज गणितच शिकवते. कोणाचंही म्हणणं स्वतः करून पाहिल्याशिवाय ती मानत नाही, आणि तुम्हालाही मानू देत नाही.