कॉम्प्युटरला ठाऊक असलेला मामा

‘शेतकरी म्हणजे मेलेला माणूस. बरोबर की चूक?’ असं कॉम्प्युटरनं विचारलं आणि मी ‘बरोबर’ दाबलं.

अमरावतीच्या कॉलेजात आम्ही तो वाचायला बसवला होता. इंटरनेटवरच्या मराठी बातम्या तो अखंड वाचायचा आणि आपला आपण शिकायचा. मोर्शी हे गाव, संत्रं हे फळ. एखादी गोष्ट अनेक ठिकाणी सापडली तरच खरी धरायची, हा नियम माझा. शिकलेलं तपासायचं कामही माझंच, आणि ते मी अकोला-अमरावती एसटीत डुलक्या घेत उरकायचो. बोंडअळी हा राजकीय पक्ष आहे असं तो शिकला, तेव्हा मी चांगला जागा होतो. तरी खोडायला जरा वेळच लागला. शेतकऱ्याचं वाक्य झोपेत सुटलं, असं मी सांगत असतो. पण त्या वर्षांत रोज शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्याच बातम्या वाचून ते मला खटकलंच नव्हतं.

मग एक दिवस नांदगाव खंडेश्वरकडचा माझा चुलत मामा त्या बातम्यांत आला. कुणाचा फोन येण्याआधी मी तिथं पोचलो, ते त्यामुळे.

दिवाळीत पुन्हा गेलो. मामीनं विचारलं, “तुह्या मशीनले हे ठाऊक हायेत काय?”

मी ऐटीत लॅपटॉप उघडून मामाचं नाव टाकलं. शेतकरी. मृत. गावाचं नाव. संपलं.

“अन् रोडगे?” मामी म्हणाली.

पंचक्रोशीत पंगत असली की गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे जाड रोडगे भाजायला मामाच लागायचा. लहानपणी मी कच्चाच रोडगा पळवला, तेव्हा राखेच्या हातानं त्यानं माझा कान पिळला आणि मग भाजलेला, तुपात बुडवून दिला.

“पोरगी उद्या मोठी होईन, बापाचं नाव टाकीन. तं एवढंच निंगन काय?”

मी तिथंच ओट्यावर बसून लिहिलं. रोडगे, बैलांशी चालणारी त्याची भांडणं, वरातीतला नाच. मामी सांगत होती, मधेच पदर तोंडाला लावत होती. सगळं इंटरनेटवर टाकलं. “आता वाचेल तो,” मी छाती काढून म्हणालो.

त्यानं वाचलं. मानलं नाही. मरण सगळ्या पेपरांत होतं, रोडगे एकाच ठिकाणी. हातानं काही घुसवायला कॉलेजात मनाई होती. कॉम्प्युटरनं स्वतः शिकायचं, हीच तर सगळी गंमत.

हे सांगायला गेलो तेव्हा मामी तुरीच्या शेंगा सोलत होती.

“मशीन बिनडोक आहे, मामी,” मी म्हणालो. “पेपरात येईल तेवढाच माणूस कळतो त्याला.”

तिनं मानही वर केली नाही.

“त्याले कायले बोल लावून राह्यले, भाचेबुवा? ते जित्ते होते तवा कोन्त्या दिवाळीले आलते तुमी? तुमालेबी मामा पेपरातच भेटला.”